राजाच्या तोंडावर बोलणारी माणसं

लू राज्याच्या दिंग राजाने कन्फ्यूशियसला एकदा विचारलं, 'एका वाक्याने राज्य बुडेल, असं एखादं वाक्य आहे का?' कन्फ्यूशियस म्हणाला, नुसत्या वाक्यात एवढी ताकद कुठून येणार. पण लोक बोलतात त्यातलं एक वाक्य बरंच जवळ जातं. ते असं: 'राजा असण्यात मला दुसरं काही सुख नाही. सुख एवढंच, की मी बोललो की कुणी उलट बोलत नाही.' राजाचं म्हणणं चांगलं असेल आणि कुणी विरोध केला नाही, तर उत्तमच. पण म्हणणं वाईट आहे आणि तरी सगळे गप्प आहेत, तर राज्य बुडवणारं वाक्य याहून वेगळं काय असणार?

मित्रहो, पत्रिकेवर आजचा विषय 'कन्फ्यूशियसचं नीतिशास्त्र आणि नेतृत्व' असा छापला आहे. तो सगळा मला झेपणारा नाही. म्हणून मी या एका संवादाचं बोट धरून पुढे जाणार आहे. कन्फ्यूशियस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो वाकलेला चीन: वडिलांपुढे मुलगा, राजापुढे प्रजा, साहेबापुढे कारकून. व्यवस्थापनाच्या शिबिरांतसुद्धा तो याच वेषात भेटतो. हे चित्र सगळंच खोटं आहे असं मी म्हणणार नाही, कारण कितीतरी सम्राटांनी नेमका एवढाच कन्फ्यूशियस वापरला. पण त्याच्या शिष्यांनी जमवलेले संवाद वाचायला घेतले की त्यात बराच खट माणूस भेटतो.

त्याचा जन्म इ.स.पू. 551चा, आजच्या शान्दोंग प्रांतातल्या छूफू इथला. चौ राजघराण्याची सत्ता तेव्हा नावापुरती उरली होती आणि लहानमोठी राज्यं एकमेकांचे लचके तोडत होती. लू राज्यात तर राजाही नावाचाच. खरी सत्ता तीन सरदार घराण्यांकडे, आणि त्यातलं जी घराणं सगळ्यांत बलाढ्य. तरुणपणी कन्फ्यूशियसने धान्यकोठाराचे हिशेब ठेवले, गुरंढोरं सांभाळण्याचं काम पाहिलं. पन्नाशीत त्याला राज्यात मोठं पद मिळालं, पण ते फार टिकलं नाही. मग सुमारे चौदा वर्षं तो शिष्यांना घेऊन या राज्यातून त्या राज्यात फिरत राहिला. माझं ऐकेल असा एखादा राजा मिळेल का, हा एकच शोध. मिळाला नाही. इ.स.पू. 484 साली तो परतला आणि 479 साली वारला. जगात ज्याला सुशासनाचा गुरू म्हणतात, त्याची स्वतःची कारकीर्द अशी.

आता जी घराण्याचा प्रमुख जी कांगझी याच्याशी झालेले त्याचे संवाद बघा. हा माणूस विचारतो, राज्य करणं म्हणजे काय? उत्तर येतं: सरळ असणं. तुम्ही सरळ चाललात, तर वाकडं चालायची कुणाची छाती होईल? पुढे तो तक्रार करतो की राज्यात चोर फार झालेत. कन्फ्यूशियस म्हणतो, तुम्हालाच हाव नसती, तर बक्षीस देऊनही लोकांनी चोरी केली नसती. तिसऱ्यांदा तो विचारतो, वाईट माणसांना मारून टाकलं आणि चांगल्यांना जवळ केलं तर? उत्तर: राज्य करायला माणसं मारायची गरज काय? वरच्यांचं शील वाऱ्यासारखं असतं आणि खालच्यांचं गवतासारखं. वारा येईल तिकडे गवत वाकतं.

हे वारा-गवताचं वाक्य भिंतींवर लावतात, भाषणांत वापरतात. ते कुणाला उद्देशून म्हटलं, हे मात्र सांगत नाहीत. राजाची सत्ता बळकावून बसलेल्या घराण्याच्या प्रमुखाला 'राज्यातल्या चोऱ्यांचं मूळ तुमच्या हावेत आहे' असं त्याच्याच तोंडावर ऐकवलं जात होतं. नेत्याने आदर्श असावं, हा उपदेश कुणीही करतो. नेत्याला हे ऐकवायचं कुणी, हा प्रश्न जास्त अवघड आहे आणि माझ्या मते कन्फ्यूशियसचं नेतृत्वावरचं खरं म्हणणं तिथेच आहे.

झीलू हा त्याचा शिष्य तापट, धाडसी, गुरूलाही सुनावणारा. त्याने विचारलं, राजाची सेवा कशी करावी? कन्फ्यूशियस म्हणाला, त्याला फसवू नकोस. मात्र त्याच्या तोंडावर विरोध कर. बस्स, एवढंच उत्तर. रान चिउ नावाचा दुसरा शिष्य याच्या उलट वागला. त्याने जी घराण्याची नोकरी धरली आणि आधीच गडगंज असलेल्या त्या घराण्यासाठी प्रजेकडून आणखी सारा गोळा केला. कन्फ्यूशियस बाकीच्या शिष्यांना म्हणाला, 'हा माझा शिष्य नव्हे. पोरांनो, नगारे वाजवा आणि चढाई करा त्याच्यावर.' रान चिउ कामाला हुशार होता, गुरूनेच त्याच्या कर्तबगारीची तारीफ केलेली आहे. पण चुकीच्या धन्यासाठी कर्तबगार असणं गुरूला खपलं नाही.

या परंपरेत पुढे पितृभक्तीवर एक छोटा ग्रंथ तयार झाला. त्यात शिष्य विचारतो, मुलाने वडिलांची आज्ञा पाळली की झाली का पितृभक्ती? कन्फ्यूशियसच्या तोंडी उत्तर आहे: हे काय बोलणं झालं, हे काय बोलणं झालं! सम्राटाजवळ टोकणारे सात जण असतील, तर तो वाट चुकला तरी साम्राज्य गमावत नाही. मांडलिक राजाला पाच पुरतात, सरदाराला तीन. बापाला एक टोकणारा मुलगा असला तरी तो अधर्मात पडत नाही. आज्ञाधारक मुलाचं एवढं कौतुक करणाऱ्या परंपरेचा हा ग्रंथ आहे, हे लक्षात घ्या.

टोकायचं, पण किती वेळा? त्याचाही नियम त्यांच्या विधिग्रंथात आहे. राजाला तीनदा सांगावं. ऐकलं नाही तर सोडून जावं. आईवडिलांना तीनदा सांगावं. ऐकलं नाही तर रडत रडत त्यांच्या मागे जावं. बाप बदलता येत नाही, राजा बदलता येतो. कन्फ्यूशियसच्या काळात हे अक्षरशः खरं होतं. लू राज्यात जमलं नाही तर वेई राज्यात जावं, तिथं नाही तर चेन, नाही तर छू. शहाण्या माणसाला बाजारात भाव होता.

त्याच्यानंतर साधारण शंभर वर्षांनी जन्मलेला मेन्शियस याच भावाच्या जोरावर बोलतो, आणि काय बोलतो! छी राज्याच्या शुआन राजाला तो म्हणतो: समजा, तुमच्या एका सेवकाने बायकामुलं मित्राच्या हवाली केली आणि परगावी गेला. परत येऊन पाहतो तो ती उपाशी, थंडीत कुडकुडत. त्या मित्राचं काय करावं? राजा म्हणतो, संबंध तोडावा. न्यायखात्याच्या मुख्याला हाताखालची माणसं सांभाळता येत नसतील तर? राजा म्हणतो, काढून टाकावं. मग राज्यात चारही दिशांना बेबंदशाही असेल, तर काय करावं? इथे मूळ ग्रंथात एक ओळ आहे, ती मला फार आवडते. 'राजाने डावी-उजवीकडे पाहिलं आणि दुसऱ्याच गोष्टी काढल्या.'

याच राजाने नंतर विचारलं, प्रजेने राजाला मारावं, हे चालतं का? शांग घराण्याचा शेवटचा जुलमी राजा चौ मारला गेला, त्याबद्दल तो बोलत होता. मेन्शियस म्हणाला, माणुसकी आणि न्याय पायदळी तुडवणारा एक इसम मारला गेल्याचं मी ऐकलंय; राजा मारला गेल्याचं ऐकलं नाही. त्याचं आणखी एक वाक्य: राजाने सेवकांना मातीकचरा समजलं, तर सेवकही राजाला दरोडेखोर आणि वैरी समजतील.

ही वाक्यं किती टोचत असतील, याचा पुरावा सोळाशेहून अधिक वर्षांनी मिळाला. मिंग घराण्याचा संस्थापक चू युआनचांग 1368 साली गादीवर आला. गरीब शेतकऱ्याचा अनाथ मुलगा, भीक मागून जगलेला, वरचढ होत होत सम्राट झालेला. त्याने मेन्शियस वाचला आणि तो भडकला. 1394 साली त्याने मेन्शियसच्या ग्रंथाची काटछाट केलेली प्रत काढायला लावली. 85 उतारे उडवले. काही वर्षांनी मूळ ग्रंथ परत आला ते जाऊ द्या. सम्राटाला कात्री हातात घ्यावीशी वाटली, यावरून त्या ग्रंथात काय होतं ते कळतं.

आता मधली एक गोष्ट. इ.स.पू. 221 मध्ये छिन राज्याने बाकीची सगळी राज्यं जिंकली आणि एकच साम्राज्य झालं. इतिहासाच्या पुस्तकात हे चीनचं एकीकरण म्हणून येतं. तोंडावर बोलणाऱ्या माणसाच्या बाजूने बघा: 'तीनदा सांगावं आणि सोडून जावं' यातलं सोडून जाणं संपलं. जायचं कुठे? सगळीकडे एकच धनी. मध्ये मध्ये साम्राज्य फुटलं, पुन्हा जुळलं, पण नमुना तोच राहिला. घरी जाऊन शेती बघता येत होती, कविता लिहिता येत होत्या. दुसरा राजा मात्र मिळत नव्हता. राजाला टोकण्याचं कर्तव्य ग्रंथात तसंच राहिलं आणि टोकणाऱ्याच्या पाठीशी होता तो एकमेव आधार निघून गेला. पुढची दोन हजार वर्षं कन्फ्यूशियसचे अनुयायी या पेचात जगले, आणि त्यांनी त्यातून काय काय वाटा काढल्या ते बघण्यासारखं आहे.

एक वाट म्हणजे राजाची लाज. तिचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण तांग घराण्याचा सम्राट ताइझोंग आणि त्याचा मंत्री वेई झेंग. ताइझोंग 626 साली दोन भावांना मारून आणि बापाला बाजूला सारून सत्तेवर आला. वेई झेंग हा मारल्या गेलेल्या थोरल्या भावाचा, म्हणजे युवराजाचा सल्लागार. त्याला पकडून आणलं. ताइझोंगने विचारलं, 'आम्हा भावांमध्ये भांडणं का लावलीस?' तो म्हणाला, 'युवराजांनी माझं ऐकलं असतं, तर आजची वेळ त्यांच्यावर आली नसती.' ताइझोंगने त्याला ठार करायचं सोडून दरबारात ठेवून घेतलं. नंतर एकदा वेई झेंग त्याला म्हणाला, मला चांगला सेवक होऊ द्या, निष्ठावंत सेवक करू नका. राजाने फरक विचारला. चांगल्या सेवकाचं स्वतःचं नाव होतं आणि राजाचंही. निष्ठावंत सेवक मारला जातो आणि राजाच्या माथी कलंक येतो. यात शहाणपण आहे आणि विनवणीही आहे.

वेई झेंगने दोनशेहून अधिक बाबतींत राजाला अडवलं, अशी नोंद आहे. ससाण्याची गोष्ट तर चीनमध्ये शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ताइझोंग एक सुंदर ससाणा हातावर घेऊन खेळत होता. वेई झेंग येताना दिसला, तसा सम्राटाने पक्षी झग्यात लपवला. वेई झेंगने मुद्दाम कामकाजाचं बोलणं लांबवलं. तो गेला तोवर ससाणा झग्यात गुदमरून मेला होता. आणखी एकदा दरबारातून सम्राट तणतणत आत आला: 'या खेडवळ म्हाताऱ्याला एक दिवस मारणारच आहे!' सम्राज्ञी चांगसून आत गेली, समारंभाचा पूर्ण पोशाख करून आली आणि तिने अभिनंदन केलं. राजा सुज्ञ असेल तरच सेवक सरळ बोलू शकतो; वेई झेंग असा बोलतोय, म्हणजे आपण सुज्ञ आहात! या सगळ्या कथेत मला सर्वांत हुशार बाई तीच वाटते, आणि नेतृत्वाच्या व्याख्यानांत तिचं नाव फारसं कुणी घेत नाही.

643 साली वेई झेंग वारला. ताइझोंग म्हणाला, काशाच्या आरशात पाहून पोशाख नीट करता येतो, इतिहासाच्या आरशात राज्यांचा उदयास्त दिसतो, माणसाच्या आरशात स्वतःच्या चुका दिसतात. माझा एक आरसा गेला. हे वाक्य सगळीकडे उद्धृत होतं. पुढचं होत नाही. काही काळातच सम्राटाचं मन वेई झेंगविषयी कलुषित झालं आणि त्याच्या स्मरणार्थ उभारलेला शिलालेख त्याने पाडून टाकायला लावला. 645 साली कोरियातल्या गोगुर्योवर केलेली स्वारी फसली, माणसं आणि घोडे गमावून तो परतला, तेव्हा म्हणाला, वेई झेंग असता तर त्याने मला ही मोहीम करू दिली नसती. शिलालेख पुन्हा उभा राहिला. चीनच्या इतिहासातला हा सगळ्यांत चांगला राजा समजा, आणि टीकाकाराची सुरक्षितता त्याच्या मनःस्थितीवर अशी हेलकावत होती.

दुसरी वाट दप्तराची. सम्राटाचं रोजचं बोलणं-वागणं टिपणारे अधिकारी दरबारात असत, आणि ती टिपणं सम्राटाने पाहायची नाहीत असा संकेत होता. ताइझोंगने एकदा ती मागितली. ती टिपणं ठेवणारा अधिकारी छू सुइलियांग म्हणाला, सम्राटांनी स्वतः ती पाहिल्याचं मी ऐकलेलं नाही. 'माझ्या हातून वाईट घडलं तर तेही लिहितोस?' तो म्हणाला, लिहिणं हे माझं काम आहे. शेजारी उभा असलेला दुसरा अधिकारी म्हणाला, याने नाही लिहिलं तरी सगळी दुनिया लिहील. (तरीही ताइझोंगने पुढे आपल्या कारकिर्दीच्या नोंदी पाहिल्याच. सम्राट तो सम्राट.)

ही पद्धत कोरियाच्या जोसन घराण्याने चिनी लोकांपेक्षाही कडक पाळली. 1404 साली त्यांचा तेजोंग राजा शिकारीत हरणाच्या मागे लागून घोड्यावरून पडला. उठून इकडेतिकडे बघत म्हणाला, 'हे नोंद ठेवणाऱ्याला कळू देऊ नका.' आपल्याला हे माहीत आहे, कारण राजा पडला हेही नोंदवलं गेलं आणि तो असं म्हणाला हेही.

तिसरी वाट सरळ मरणाची. मिंग काळात हाय रुई नावाचा, मूळचा हायनान बेटावरचा, एक अधिकारी होता. ज्याजिंग सम्राट वीस-बावीस वर्षं दरबाराला फिरकला नव्हता. अमरत्वाच्या औषधांत आणि पूजाविधींत गुंतलेला. 1566 साली हाय रुईने त्याला पत्र लिहून हे सगळं स्पष्ट मांडलं. लोकांना तुम्ही नकोसे झालात, त्याला फार दिवस झाले, असा मजकूर. सम्राटाने पत्र भिरकावलं आणि ओरडला, पकडा त्याला, पळून जाऊ देऊ नका! जवळच्या खोजाने सांगितलं, तो पळणार नाही; त्याने आधीच शवपेटी विकत घेतली आहे, बायकापोरांचा निरोप घेतलाय. सम्राटाने पत्र पुन्हा उचललं, पुन्हा पुन्हा वाचलं. त्याला तुरुंगात टाकलं, पण मारलं नाही. पुढे सम्राट वारला आणि हाय रुई सुटला. तुरुंगात सम्राट गेल्याची बातमी कळली, तेव्हा तो एवढा रडला की खाल्लेलं अन्न उलटून पडलं. ज्याने तुरुंगात डांबलं होतं त्याच्यासाठी! ही निष्ठा मला पूर्ण कळते असं मी म्हणणार नाही.

हाय रुईचं भूत चारशे वर्षांनी पुन्हा उभं राहिलं. माओने 1959 साली कार्यकर्त्यांना सांगितलं होतं की हाय रुईसारखं निर्भीड बोलायला शिका. त्याच वर्षी लूशानच्या बैठकीत संरक्षणमंत्री पेंग दहुआय यांनी 'मोठ्या झेपे'तल्या, म्हणजे माओच्या घाईघाईने उत्पादन वाढवण्याच्या मोहिमेतल्या, चुकांबद्दल माओला पत्र लिहिलं आणि पद गमावलं. इतिहासकार आणि बीजिंगचे उपमहापौर वू हान यांनी हाय रुईवर लिहिलेलं नाटक 1961 साली रंगभूमीवर आलं. नोव्हेंबर 1965 मध्ये शांघायच्या वर्तमानपत्रात त्या नाटकावर हल्ला चढवणारा लेख आला आणि तिथून सांस्कृतिक क्रांतीची ठिणगी पडली. वू हान 1969 साली तुरुंगात वारले.

तुमच्यातल्या काहींच्या मनात एव्हाना रामशास्त्री प्रभुणे येऊन गेले असतील. साम्य आहेच. पण रामशास्त्री न्यायाधीश होते, राघोबादादांच्याही वर असलेल्या धर्मशास्त्राचा निवाडा त्यांनी सांगितला. वेई झेंग किंवा हाय रुई यांच्या हातात सम्राटाच्या वर असलेला असा कुठलाच कायदा नव्हता. होती ती फक्त राजाची लाज. कन्फ्यूशियसने कायदा आणि शिक्षा यांना दुय्यम मानलं: शिक्षेने लोक पळवाटा शोधतात, शीलाने त्यांना लाज वाटायला लागते. प्रजेच्या बाबतीत हे बोलणं मोठं आहे. राजाच्या बाबतीत तोच न्याय लावला की भगदाड पडतं. निर्लज्ज राजाचं काय करायचं, याला ग्रंथात मेन्शियसचं उत्तर होतं, ते म्हणजे बंड. टोकणं आणि बंड यांच्या मधलं काहीच नव्हतं.

हे भगदाड बाहेरच्यांनीच दाखवलं असं समजू नका. हुआंग झोंगशी हा पक्का कन्फ्यूशियसपंथी, 1610चा जन्म. त्याचे वडील दरबारातल्या सत्ताधारी खोजाविरुद्ध उभे राहिले आणि 1626 साली तुरुंगात मेले. दोन वर्षांनी पोरगा बीजिंगला गेला आणि चौकशीच्या वेळी वडिलांच्या मृत्यूला जबाबदार असलेल्यांपैकी एकावर दाभण घेऊन धावला. पुढे मिंग राज्य पडलं, मांचू आले, त्यांच्याविरुद्ध तो लढला, हरला आणि मग घरी बसून लिहिता झाला. 1660च्या दशकात त्याने एक छोटा ग्रंथ लिहिला. शुन्झीसारख्या जुन्या आचार्याचं मत होतं की राज्य माणसं चालवतात, कायदे नव्हेत. हुआंगने ते उलटं केलं: आधी नीट कायदा हवा, मग नीट राज्य करणारी माणसं मिळतात. आजवरचे कायदे हे राजघराण्याच्या तिजोरीची राखण करणारे आहेत, असंही त्याने लिहिलं. आणि त्याने एक योजना मांडली. दर महिन्याच्या पहिल्या दिवशी सम्राटाने मंत्र्यांसह राजधानीतल्या विद्यापीठात जावं. कुलगुरूंनी दक्षिणेकडे तोंड करून, म्हणजे एरवी सम्राट बसतो त्या दिशेने बसून, व्याख्यान द्यावं. सम्राटाने विद्यार्थ्यांच्या रांगेत बसावं. कारभारात काही चुकत असेल, तर कुलगुरूंनी आडपडदा न ठेवता सांगावं. राजाच्या मनात आलं तर ऐकून घ्यायचं, असं नाही; पहिल्या तारखेला जायचंच.

योजना कागदावरच राहिली. मांचूंच्या राज्यात तो ग्रंथ उघडपणे फिरणं शक्य नव्हतं. 1890च्या दशकात सुधारणावादी लेखक लियांग छिचाओ आणि त्याच्या मित्रांनी तो गुपचूप छापून वाटला, तेव्हा राजेशाहीला जेमतेम पंधरा-सोळा वर्षं उरली होती.